शनिवारी तिकीट घेण्याआधी

चि. निनाद यास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर आपले बोलणे जसे तुटले तसे तुटायला नको होते. "आई, आता काळ बदलला आहे," असे तू म्हणालास आणि मी गप्प झाले, कारण त्यावर शांतपणे उत्तर देण्याइतका धीर त्या क्षणी माझ्याजवळ नव्हता. बर्लिनला ताईकडे जाण्यासाठी तू शनिवारी तिकीट घेणार आहेस. त्याआधी माझे म्हणणे एकदा नीट तुझ्यासमोर यावे आणि मग निर्णय तुझा तू घ्यावास, म्हणून हे लिहिते आहे. दोन वेगळ्या तिकिटांचा विषय पत्रात एकदाच काढायचा, असे बाबांनी मला बजावले आहे. मी प्रयत्न करीन.

आधी जे मनापासून आवडले ते सांगते. तू पाठवलेला तक्ता मी ओळीओळीने वाचला. बोस्टन ते बर्लिनचे भाडे कोणत्या आठवड्यात किती, आठवड्याच्या मधल्या वारी किती आणि शनिवार-रविवारी किती, जाण्या-येण्याचे एकत्र तिकीट आणि दोन एकेरी तिकिटे यांत फरक किती, हे सगळे तू इतक्या नेटकेपणाने मांडले आहेस की आमच्या विमान-तिकिटांच्या कार्यालयात नव्याने येणाऱ्या मुलांना मी तो तक्ता नमुना म्हणून दाखवला असता. अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांची भाडी जून ते ऑगस्ट आणि नाताळच्या सुमारास सर्वांत चढी असतात आणि जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत उतरलेली असतात, हे तुला कोणी सांगावे लागले नाही. मंगळवारी तिकीट काढले की स्वस्त पडते ही जुनी समजूत तू बाजूला सारलीस आणि तिकीट कोणत्या वारी काढले यापेक्षा विमान कोणत्या वारी सुटते हे महत्त्वाचे, हे ओळखलेस. पैसेही तू तुझ्या मानधनातून भरणार आहेस, आमच्याकडून एक डॉलर घ्यायला तयार नाहीस. बाबांनी ही गोष्ट मामांना सांगितली, आजींना सांगितली आणि काल शेजारी कोणी भेटायला आले तर त्यांनाही सांगितली.

पण त्या तक्त्यातली जी ओळ तू हिरवी केली आहेस, तिच्यावर माझी नजर अडकली आहे. बोस्टन ते आइसलँडचे केफ्लाविक विमानतळ एका कंपनीचे तिकीट, केफ्लाविक ते बर्लिन दुसऱ्या कंपनीचे, दोन स्वतंत्र पीएनआर, आणि मध्ये दोन तास दहा मिनिटे. सलग तिकिटापेक्षा एकशे चाळीस डॉलर कमी. "दोन तास पुष्कळ झाले," असे तू म्हणालास, आणि एकाच तिकिटावर प्रवास असता तर ते खरोखर पुष्कळ होते. अमेरिकेकडून येणारी विमाने तिथे पहाटे उतरतात आणि युरोपकडे जाणारी त्यानंतर थोड्याच वेळात सुटतात. त्या विमानतळाचे सकाळचे सारे वेळापत्रकच या जोडणीभोवती बांधलेले आहे. एका तिकिटावरचा प्रवासी पासपोर्ट तपासून घेतला की बॅगेची चिंता न करता दुसऱ्या दाराकडे जातो. तुझे तसे होणार नाही. तुलाही आधी पासपोर्टाच्या रांगेत उभे राहावे लागेल, कारण शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, तुझा प्रवेश केफ्लाविकलाच होतो, आणि १२ ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झालेल्या नव्या प्रवेश-नोंदणीमुळे युरोपबाहेरच्या देशांच्या, पहिल्यांदा येणाऱ्या नागरिकांना तिथे जास्त वेळ लागतो. मग पट्ट्यावर बॅगेची वाट पाहायची, ती घेऊन बाहेर पडायचे, निर्गमनाच्या बाजूला जाऊन दुसऱ्या कंपनीचा काउंटर शोधायचा आणि पुन्हा सुरक्षा तपासणी करून घ्यायची. तो काउंटर विमान सुटण्याच्या चाळीस मिनिटे ते एक तास आधीच बॅगा घेणे थांबवतो. तुझ्या दोन तास दहा मिनिटांतले खरे हाती राहतात जेमतेम सव्वा तास, आणि तेही बोस्टनहून विमान वेळेवर सुटले तर. फेब्रुवारीत बोस्टनला बर्फ पडत असताना विमानाच्या पंखांवरचा बर्फ काढण्यासाठी विमाने रांगेत उभी असतात, हे तूच मला मागच्या वर्षी गेटवर बसून कळवले होतेस.

आणि ते विमान उशिरा पोचले तर पुढे काय होते हे मला ठाऊक आहे, म्हणून मी इतकी अस्वस्थ होते. दुसऱ्या कंपनीला तू कुठून येतो आहेस याच्याशी काही कर्तव्य नसते. तिच्या यादीत फक्त एक नाव असते आणि त्यापुढे 'नो-शो' अशी नोंद होते. पहिली कंपनी म्हणते, आम्ही तुम्हाला केफ्लाविकपर्यंत आणून सोडले, आमचे काम झाले. दोघीही आपापल्या परीने बरोबर असतात आणि मध्ये उभा असलेला माणूस एकटा पडतो. माझ्या टेबलावरच्या फोनवर असा एक विद्यार्थी मी ऐकला आहे. त्याची दोन्ही तिकिटे आमच्याकडची नव्हती, नंबर त्याला कोणीतरी दिला होता. बर्फामुळे त्याचे पहिले विमान उशिरा उतरले होते, दुसरे निघून गेले होते, आणि त्याच दिवशीचे नवे तिकीट त्याच्या आधीच्या दोन्ही तिकिटांच्या बेरजेहून महाग होते. तो रागावला नव्हता, ओरडत नव्हता. "मॅडम, मग मी आता काय करू?" एवढेच तो पुन्हा पुन्हा विचारत होता. त्याचा आवाज तुझ्यासारखा होता असे मी म्हणणार नाही, पण तू हिरव्या केलेल्या त्या ओळीवर बोट ठेवले की मला तोच आवाज ऐकू येतो.

सलग तिकिटावर हीच वेळ आली असती तर गोष्ट वेगळी असते. कंपनी तुला पुढच्या विमानात बसवते आणि रात्र काढावी लागली तर राहण्या-जेवणाची सोय करते. शिवाय युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमानुसार, जो आइसलँडलाही लागू आहे, बर्लिनला तू तीन तासांहून अधिक उशिरा पोचलास आणि दोष कंपनीच्या कामकाजाचा असला तर ६०० युरोपर्यंत भरपाई मागता येते. हवामानामुळे उशीर झाला तर भरपाई मिळत नाही, पण सोय करण्याची जबाबदारी तरीही उरते. हा उशीर शेवटच्या मुक्कामावर मोजायचा, असे युरोपीय न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट केले. त्यासाठी दोन्ही टप्पे एकाच आरक्षणात असावे लागतात. तू वाचवत असलेल्या एकशे चाळीस डॉलरांत हे सगळे संरक्षण सोडून देतो आहेस.

तेही एकशे चाळीस नाहीत, निनाद. दुसऱ्या कंपनीच्या भाड्यात आसनाखाली मावेल एवढीच पिशवी धरलेली आहे. ताईसाठी मी डिसेंबरात तुझ्याकडे पाठवलेल्या वस्तू त्या पिशवीत बसणार नाहीत. सलग तिकिटावर बॅगेचे पैसे एकदाच भरायचे आणि ती थेट बर्लिनला घ्यायची. तुला ते दोनदा भरावे लागतील. तुझ्याच तक्त्यातले आकडे घेऊन मी बेरीज केली तर फरक साधारण सत्तर डॉलर राहतो. ताईच्या बाळंतपणाची तारीख फेब्रुवारीअखेरची आहे, तिच्याजवळ त्या दिवसांत आपल्यापैकी फक्त तू असणार आहेस, आणि मध्ये आहेत सत्तर डॉलर.

हे सगळे उपदेशासारखे झाले आहे हे मला दिसते आहे. रागावू नकोस. वयाच्या चोविसाव्या वर्षी आपल्या पैशाने समुद्रापार जाणाऱ्या मुलाला तिकिटे समजावून सांगायची नसतात, आणि माझ्या हाताला मात्र तेवढेच एक काम येते.

लहानपणी तू माझ्या टेबलाखाली बसायचास ते तुला आठवते का? त्या वेळी तिकिटे कागदाची असत. लांबट पुस्तिका, तिच्यात प्रत्येक टप्प्याचे एक कूपन, आणि कूपनाच्या मागे लाल कार्बन. मी बोलपेन दाबून लिहायचे की खालच्या सगळ्या पानांवर ते उमटायचे. रद्द झालेली तिकिटे तू मागून घ्यायचास आणि घरी पोचेपर्यंत तुझी बोटे, गाल आणि सदऱ्याची कड लाल झालेली असे. तू विचारायचास की मधलेच कूपन फाडले तर काय होते, आणि मी सांगायचे की कूपने क्रमानेच वापरावी लागतात, पहिले वापरले नाही तर पुढची सगळी निकामी होतात. १ जून २००८ पासून विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने कागदी तिकिटे बंद केली, ती पुस्तिका गेली, पण नियम तसाच आहे. म्हणूनच सांगते, स्वस्त मिळते म्हणून लांबचे तिकीट घेऊन पहिला टप्पा सोडून द्यायचा विचार कधी मनात आणू नकोस. शेवटचा टप्पा सोडणारे लोक असतात, पण त्यांची बॅग शेवटच्या विमानतळापर्यंत जाते आणि परतीचे तिकीट रद्द होते.

तू आणखी एक विचारायचास, की लोक मध्येच का उतरतात, थेट का जात नाहीत. त्याचे उत्तर मी तेव्हा अर्धवट दिले होते. त्या काळी पूर्ण भाड्याच्या तिकिटाला मैलांची मर्यादा असे. सुरुवात आणि शेवट या दोन शहरांमध्ये किती मैलांपर्यंत फिरत जाता येईल हे जाडजूड भाडेपुस्तकात छापलेले असे, आणि त्या मर्यादेत बसेल तोवर वाटेतल्या शहरांत थांबायला जादा पैसे पडत नसत. मर्यादा ओलांडली की भाडे पाच-पाच टक्क्यांनी वाढे, पंचवीस टक्क्यांपर्यंत. मी पट्टी आणि पेन्सिल घेऊन प्रवाशाच्या मार्गातले मैल मोजायचे, आणि एखादे शहर मर्यादेत बसवता आले की मला फार समाधान वाटायचे, कारण समोरच्या माणसाला एक गाव फुकट पाहायला मिळणार असे. स्वस्त भाडी आली तशी ही मोकळीक आटली. आता चोवीस तासांपर्यंतच्या थांब्याला साधी जोडणी म्हणतात आणि त्याहून जास्त राहिलात तर तो स्टॉपओव्हर ठरून बहुतेक स्वस्त तिकिटांवर त्याचे वेगळे पैसे पडतात.

काही कंपन्यांनी मात्र ती जुनी मोकळीक जपली आहे, आणि तुझ्याच वाटेवरची एक त्यांतली फार जुनी आहे. लॉफ्टलेइडिर नावाची आइसलँडची कंपनी १९५० आणि १९६०च्या दशकांत अमेरिका आणि युरोप यांच्यामध्ये इतरांपेक्षा कमी भाड्यात माणसे नेत असे, कारण भाडी ठरवणाऱ्या जागतिक संघटनेची ती सभासद नव्हती. तिची विमाने संथ होती, मध्ये आइसलँडला उतरावेच लागे, आणि मग उतरलातच आहात तर दोन दिवस राहा, असे ती प्रवाशांना सांगू लागली. १९७३ साली ती दुसऱ्या एका कंपनीशी एक झाली आणि त्यातूनच आजची आइसलँडएअर उभी राहिली. आजही तिच्या अटलांटिकपार तिकिटावर आइसलँडला सात रात्रींपर्यंत थांबता येते आणि त्याचे वेगळे विमानभाडे पडत नाही. तिकीट शोधतानाच थांब्याचा पर्याय निवडायचा असतो.

आता मला खरे सांग. त्या देशाचा नकाशा तू खोलीत लावला आहेस. थिंगवेट्लिरला उत्तर अमेरिकेचे आणि युरेशियाचे भूपट्ट एकमेकांपासून दर वर्षी सुमारे दोन सेंटिमीटर दूर सरकतात आणि ती भेग जमिनीवर चालत जाऊन पाहता येते, हे मला तुझ्याकडूनच कळले. तिथेच ९३० साली आइसलँडची लोकसभा भरू लागली, हे मी नंतर शोधून वाचले. २०१० च्या एप्रिलमध्ये तिथल्या एयाफ्यात्लायोकुत्ल ज्वालामुखीच्या राखेने युरोपचे आकाश सुमारे सहा दिवस बंद झाले आणि एक लाखाच्या आसपास उड्डाणे रद्द झाली. मी रात्री उशिरापर्यंत टेबलावर असायचे, आणि घरी आले की तू जागा राहून एकच प्रश्न विचारायचास, की राख तर हलकी असते, मग विमान का थांबते? राखेतले काचेसारखे कण इंजिनाच्या उष्णतेत वितळतात आणि आत चिकटून घट्ट होतात, हे मला माझ्या एका सहकाऱ्याने समजावले आणि मी तुला. दुसऱ्या दिवशी तू ते वर्गात फळ्यावर काढून दाखवलेस. तुझा विषय त्या आठवड्यात ठरला असे बाबा मानतात. आणि असा तू त्या देशात पहिल्यांदा पाऊल ठेवणार, ते पासपोर्टाच्या रांगेतून बॅगेच्या पट्ट्याकडे आणि पट्ट्याकडून काउंटरकडे धावण्यासाठी! मला हे पटत नाही. पैशांपेक्षाही हे मला जास्त लागले आहे.

म्हणून माझी सूचना अशी आहे. जाण्या-येण्याचे एकच तिकीट घे. जाताना मध्ये थांबू नकोस, कारण ताईची तारीख कोणासाठी थांबणार नाही. सलग जा, त्याच सकाळी पुढचे विमान पकड आणि दुपारी तिच्याजवळ पोच. येताना, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, तीन-चार रात्री आइसलँडला थांब. तेव्हा दिवस आणि रात्र जवळजवळ सारखी असतात, भेगेवर हिंडायला उजेड पुरतो आणि आकाश निरभ्र असले तर रात्री उत्तर ध्रुवीय प्रकाशही दिसू शकतो. विमानतळ रेक्याविकपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे आणि बस पाऊण तासात शहरात नेते. थांबा फुकट असला तरी तिथले राहणे फुकट नसते, आणि आइसलँड महाग आहे. स्वयंपाकघर वापरू देणारे वसतिगृह आधीच नक्की कर. नाहीतर सत्तर डॉलर दोन जेवणांत जातील. थांब्याच्या रात्री शेंगेन व्हिसाच्या दिवसांत मोजल्या जातात, तेव्हा व्हिसाचा अर्ज करताना परतीची तारीख केफ्लाविकहून निघण्याची धर, बर्लिनहून निघण्याची नव्हे.

ग्रिंडाविकच्या बाजूला जाऊ नकोस. डिसेंबर २०२३ पासून त्या भागात ज्वालामुखीचे पुन्हा पुन्हा उद्रेक झाले आहेत, आणि तुला तिथे जावेसे वाटणार हे मला ठाऊक आहे. जायचेच असेल तर तिथल्या अधिकाऱ्यांनी मोकळ्या ठेवलेल्या वाटेने, लोकांबरोबर जा. तू शास्त्रज्ञ होशील तेव्हा तुझ्याबरोबर उपकरणे आणि सहकारी असतील; आत्ता तू माझा मुलगा आहेस आणि तुझ्याबरोबर एक पाठपिशवी आहे.

आइसलँडचे जमले नाही तर लिस्बनचा विचार कर. पोर्तुगालची टॅप ही कंपनी बोस्टनहून लिस्बनला आणि तिथून बर्लिनला जाते, आणि तिच्या तिकिटावर दहा दिवसांपर्यंत थांबता येते. तिथे राहणे-खाणे रेक्याविकपेक्षा पुष्कळ स्वस्त आहे, विमानतळ शहरातच आहे आणि २०१२ पासून मेट्रो थेट विमानतळाखाली येते, म्हणजे सकाळी उतरलेला माणूस थोड्या वेळात गावाच्या मध्यात असतो. १४९७ साली वास्को द गामा जिथून निघाला ते बेलेम तिथेच आहे, आणि त्याची समाधी जेरोनिमुश मठात आहे. मठ सोमवारी बंद असतो. आयर्लंडच्या एअर लिंगसने डब्लिनमार्गे परतलास तर अमेरिकेचे इमिग्रेशन आणि कस्टम्स डब्लिनलाच उरकतात आणि बोस्टनला देशांतर्गत प्रवाशासारखे सरळ बाहेर पडता येते, ही सोय मोठी आहे. पण आयर्लंड शेंगेनमध्ये नाही. शहरात पाऊल ठेवायला तुला वेगळा व्हिसा लागेल.

तक्त्याच्या खालच्या भागात तू लंडनचाही पर्याय ठेवला आहेस, एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून उडण्याचा. तो कृपा करून पुसून टाक. बॅग घेऊन बाहेर पडायचे तर ब्रिटनचा व्हिसा लागू शकतो, आणि लागत असून तो नसेल तर बोस्टनलाच तुला विमानात बसू देणार नाहीत. त्यातही हीच दोन वेगळी तिकिटे आहेत. बाबा म्हणतील, पुन्हा तोच विषय. तोच आहे.

स्वस्त कंपन्यांविषयी माझ्या मनात अढी नाही, हेही लिहून ठेवते. सर फ्रेडी लेकर यांच्या विमान कंपनीने २६ सप्टेंबर १९७७ रोजी लंडन ते न्यूयॉर्क ५९ पौंडांत माणसे नेली, तेव्हा ज्यांना अटलांटिक कधी ओलांडता आला नसता असे कितीतरी लोक ते विमान पकडायला रांगेत उभे राहिले. ते चांगलेच झाले. पण ५ फेब्रुवारी १९८२ रोजी ती कंपनी बुडाली, आणि २८ मार्च २०१९ रोजी आइसलँडचीच वॉव एअर एका सकाळी बंद झाली, तेव्हा दोन्ही किनाऱ्यांवर हजारो माणसे अडकली. म्हणून नवी, लहान कंपनी निवडलीस तरी पैसे क्रेडिट कार्डानेच भर, म्हणजे सेवा न मिळाल्यास बँकेकडे परतावा मागता येतो.

शनिवारी तिकीट घेशील ते कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घे. अमेरिकेला येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांसाठी तिथल्या वाहतूक खात्याचा नियम आहे की प्रवासाला सात दिवस किंवा अधिक अवकाश असेल तर कंपनीने चोवीस तासांत तिकीट विनाशुल्क रद्द करू द्यावे, नाहीतर भाडे तेवढा वेळ राखून ठेवावे. मधल्या विक्रेत्यांना तो बांधील नाही, आणि केफ्लाविक ते बर्लिन या सुट्या तिकिटालाही नाही. त्या चोवीस तासांत तिकीट मोठ्याने वाचून काढ. नाव पासपोर्टावर आहे तसेच अक्षर न् अक्षर हवे. पोचण्याच्या वेळेपुढे '+१' असेल तर ती वेळ दुसऱ्या दिवसाची. परतीच्या दिवसांत घड्याळे विशेष जपून बघ, कारण अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी, आणि आइसलँड कधीच करत नाही. त्या मधल्या दिवसांत सवयीचा फरक मनात धरून चालणारे लोक तासाभराने चुकतात.

मी स्वतः केफ्लाविक कधी पाहिलेले नाही. केईएफ ही तीन अक्षरे मी किती तिकिटांवर लिहिली असतील, पण ते गाव कसे दिसते हे मला तुझ्याकडूनच कळणार आहे. त्यामुळे माझ्या आग्रहात माझाही थोडा स्वार्थ आहे असे समज.

आणि एवढे सगळे वाचूनही तुला तीच हिरवी ओळ योग्य वाटली, तर माझा एकच हट्ट मान: दोन विमानांमध्ये एक पूर्ण रात्र ठेव. आदल्या सकाळी उतर, वसतिगृहात झोप, दुसऱ्या सकाळी पुढचे विमान घे. मग पहिले विमान उशिरा आले तरी दुसरे तुझ्यासाठी तिथेच असेल, आणि अर्धा दिवस तुला रेक्याविकही दिसेल. त्या रात्रीचे भाडे धरले की तुझी बचत उणे होते, हे तक्त्यात मांडून पाहा. मी मांडले आहे.

शनिवारी विकत घेण्याआधी दोन्ही पर्यायांची बॅगेसकट एकूण बेरीज मला पाठव. मी फक्त आकडे तपासीन, ठरवणार तूच. फरकाचे पैसे तू माझ्याकडून घेणार नाहीस, म्हणून मी ते ताईकडे देणार आहे. तिने ते तुझ्यावर खर्च केले तर तिच्याशी भांड, माझ्याशी नको. बाबांचा आशीर्वाद. आजी बऱ्या आहेत, तुझा फोटो मागतात.

तुझी,
आई

ता. क. दोन वेगळी तिकिटे घेतलीसच, तर मोठी बॅग काउंटरवर देऊ नकोस, हाती मावेल तेवढेच सामान घे. पट्ट्यावरचा अर्धा तास वाचेल. ताईच्या वस्तू मी दुसऱ्या कोणाबरोबर पाठवीन.